दुधाचं वय लपवायचं नाही

संध्याकाळच्या धारा काढून झाल्या असतील. काही जणी डेअरीत दूध घालून परतल्या असतील, काहींच्या चुलीवर भात रटरटत असेल. हातातलं काम चालू द्या आणि कान इकडे द्या.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण तो आपल्या रोजच्या पैशाशी बांधलेला आहे. दूध, खवा, पनीर, तूप, श्रीखंड टिकावं म्हणून त्यात काय घालायला सरकारने परवानगी दिली, काय घालायला मनाई केली आणि पाकिटावर काय लिहायला लावलं, याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. गटांच्या बैठकांत लेबलाचं नाव काढलं की बायका म्हणतात, "ताई, ते मोठ्या कंपन्यांचं काम. आपल्याला फक्त अधिकाऱ्याची भीती." आमचं म्हणणं उलटं आहे. हे कायदे झाले ते प्रामाणिक माणसाचा माल लबाड माणसाच्या मालापुढे हरू नये म्हणून. ते कसे झाले हे कळलं की भीती जाते आणि उपयोग दिसायला लागतो.

आधी साधी गोष्ट. पदार्थ टिकवायला जे घालतात त्याला पुस्तकी भाषेत परिरक्षक म्हणतात, इंग्रजीत प्रिझर्व्हेटिव्ह. शब्द नवा आहे, काम जुनं आहे. लोणच्यात मीठ आणि तेल घालतो, मोरंब्यात साखर घालतो, मासे खारवतो, हे सगळं टिकवणंच. कायद्यानेही ते मानलं आहे. आपल्या देशाच्या नियमांत परिरक्षकांचे दोन वर्ग होते. पहिल्या वर्गात मीठ, साखर, मध, व्हिनेगर, मसाले, खाद्यतेल असे स्वयंपाकघरातले पदार्थ. दुसऱ्या वर्गात बेंझोइक आम्ल, सॉर्बिक आम्ल, गंधकाचा वायू अशी रसायनं. पहिल्या वर्गावर फारसं बंधन नाही. दुसऱ्या वर्गातलं रसायन मात्र तक्त्यात ज्या पदार्थासमोर लिहिलं असेल त्यातच आणि लिहिलं असेल तेवढंच घालायचं. त्या तक्त्यात साधं दूध कधीच नव्हतं. दुधात टिकवणीचं काहीही घालायचं नाही, हा नियम पहिल्यापासूनचा.

लोणच्याला मुभा दिली आणि दुधाला नाही, असं का? लोणचं सहा महिन्यांचं आहे हे खाणाऱ्याला माहीत असतं. दूध मात्र आजचं आहे असं समजूनच माणूस ते बाळाला पाजतो. दूध आंबलं, नासलं की ते स्वतःच सांगतं, मी जुनं झालो. त्यात औषध घातलं की दूध सांगायचं थांबतं, पण म्हातारं व्हायचं थांबत नाही. आतले काही जंतू वाढतच राहतात, नाहीतर औषधच पोटात जातं. म्हणजे दुधातलं औषध मुख्यतः दुधाचं वय लपवायला असतं. आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: कायदा दुधाचं वय आणि दुधाचं कूळ लपवू देत नाही. वय म्हणजे ते कधीचं आहे, कूळ म्हणजे ते कशाचं आहे.

ही लबाडी आपल्याकडेच होते असं समजू नका. सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये शहरं वाढली, दूध लांबून रेल्वेने यायला लागलं आणि उन्हाळ्यात नासायला लागलं. तेव्हा तिथले दूधवाले दुधात बोरिक आम्ल आणि फॉर्मॅलिन घालत. बोरिक आम्ल म्हणजे आपल्या टाकणखाराचा भाऊबंद. गवळी थोडं घाली, ठोक व्यापारी आणखी थोडं घाली, दुकानदार आणखी थोडं. आधी कुणी किती घातलं हे कुणालाच माहीत नसे आणि सगळं मिळून तान्ह्या बाळाच्या पोटात जाई. तिथल्या सरकारने समिती नेमली आणि १९१२ साली नियम केला की दुधात कुठलंही परिरक्षक चालणार नाही. दाट सायीत थोडी मुभा ठेवली, पण तसं लेबलावर लिहायची सक्ती केली. पुढे त्या लेबलावर हेही लिहायला लावलं की ही साय तान्ह्या मुलांना आणि आजारी माणसांना योग्य नाही. शेवटी तीही मुभा काढून घेतली.

अमेरिकेत डॉ. हार्वे वायली नावाचे सरकारी रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९०२ साली बारा तरण्या मुलांना रोज जेवायला बसवलं आणि जेवणात मोजून परिरक्षकं घातली. पहिला नंबर टाकणखाराचा आणि तो सुरुवातीला लोण्यात घातला होता. वर्तमानपत्रवाल्यांनी या मुलांना ‘विषाची पलटण’ असं नाव दिलं. मुलांना डोकेदुखी, पोटदुखी सुरू झाली, भूक मेली. त्यातून लोकांचं मत तयार झालं आणि १९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्नाचा कायदा झाला.

आता आपल्याकडे येऊ. खाण्यापिण्यात भेसळ करणं हा १८६० सालच्या भारतीय दंड संहितेतच गुन्हा होता. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण भेसळ म्हणजे नेमकं काय, दुधात फॅट किती हवं, हे कोण ठरवणार? मग प्रांतांनी आपापले कायदे केले. आपला पुणे जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ साली झाला. दर प्रांताचं माप वेगळं, त्यामुळे एका प्रांतात पकडलेला माल दुसऱ्या प्रांतात खपायचा.

स्वातंत्र्यानंतर सगळ्या देशासाठी एक कायदा झाला. १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा. तो १ जून १९५५ पासून लागू झाला आणि त्याची नियमावली १९५५ सालीच आली. डेअरीत आज आपण फॅट आणि एसएनएफ बोलतो, त्यातली मापं या नियमावलीने कायद्यात बसवली. म्हशीच्या दुधाला महाराष्ट्रात फॅट किमान ६ टक्के आणि एसएनएफ ९ टक्के हे माप तिथलंच. पाणी घातलेलं दूध विकायला बंदी, साय काढलेलं दूध साधं दूध म्हणून विकायला बंदी, दुधाच्या स्निग्धाशिवाय दुसरं काही घातलेलं तूप विकायला बंदी, हे तिथे सरळ शब्दांत लिहिलं होतं.

त्या नियमावलीतली एक गंमत सांगतो. अधिकारी दुधाचा नमुना घेत, तेव्हा त्या बाटलीत ते स्वतः फॉर्मॅलिन घालत. पंचवीस मिलिलिटर दुधाला दोन थेंब. एखादी म्हणेल, आम्हाला बंदी आणि सरकारला मुभा? मैत्रिणींनो, ते दूध प्यायचं नव्हतं. ते पुरावा होतं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आणि खटला चालेपर्यंत ते नासू नये म्हणून औषध. ज्या औषधाने मेलेली जनावरं बाटलीत जपून ठेवतात, ते औषध पुराव्याच्या बाटलीत शोभतं, बाळाच्या बाटलीत नाही.

आता लोणी आणि तूप. इथे कायदा किती बारीक बघतो ते ऐका. आपण रवीने घुसळून काढतो ते देशी लोणी. त्याची व्याख्या अशी आहे: त्यात स्निग्धांश किमान ७६ टक्के हवा आणि रंग, वास किंवा परिरक्षक काहीही नको. मीठसुद्धा परिरक्षकात धरलंय, तेही नको. दुकानातलं पिवळं बटर वेगळं. त्यात स्निग्धांश किमान ८० टक्के, पण मीठ चालतं आणि शेंदरीच्या बियांचा रंगही चालतो. तुपाला मात्र ना रंग चालतो, ना परिरक्षक. म्हणजे विकायच्या तुपात हळदीची चिमूटसुद्धा टाकायची नाही. तुपाला त्याची गरजही नसते. त्यातलं पाणी आटलेलं असतं आणि पाणी नाही तिथे जंतूंचं फारसं चालत नाही.

बटर पिवळं आणि खारट का असतं, याचीही एक गोष्ट आहे. मुंबईत पूर्वी पोलसन कंपनीच्या बटरची चलती होती. ते आंबवलेल्या सायीचं, खारट आणि वासाला तीव्र असायचं. पुढे आणंदच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाने ताज्या सायीचं बटर बाजारात आणलं. ते जास्त चांगलं, पण गिऱ्हाइकाला बेचव लागलं! लोकांची जीभ शिळ्या सायीला सरावली होती. वर्गीज कुरियन यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे. शेवटी अमूलनेही मीठ आणि रंग घातला. यातून आपण काय घ्यायचं? गिऱ्हाइकाला ज्याची सवय लागते तेच त्याला खरं वाटतं. म्हणून म्हशीचं पांढरंशुभ्र लोणी किंवा फिकट तूप विकताना चार शब्द समजावून सांगायला लाजू नका.

कुळाची सगळ्यात मोठी लढाई झाली ती डालड्याची. डालडा १९३७ साली बाजारात आला. वनस्पती तेल घट्ट करून, दाणेदार करून, तुपासारखं दिसणारं आणि तुपापेक्षा कितीतरी स्वस्त. स्वस्त वस्तू विकण्यात पाप नाही. पण व्यापारी ते तुपात मिसळायला लागले आणि डोळ्यांनी, जिभेने ओळखणं अवघड झालं. जिने घरी म्हैस पाळून तूप कढवलं, तिच्या तुपाचा भाव पडला. महात्मा गांधींनी याविरुद्ध लिहिलं. १९५० साली ठाकुरदास भार्गव यांनी संसदेत वनस्पतीविरुद्ध विधेयक आणलं. वनस्पतीला वेगळा रंग द्या म्हणजे मिसळता येणार नाही, अशी मागणी होती. पण तापवल्यावर टिकेल, खायला सुरक्षित असेल आणि सहज काढता येणार नाही असा रंग मिळाला नाही.

मग सरकारने फार हुशारीचा मार्ग धरला. प्रत्येक वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती केली. तिळाच्या तेलात असा गुण आहे की ठरावीक आम्ल आणि रसायन घालून हलवलं की ते गुलाबी होतं. म्हणजे तुपात डालडा मिसळला असेल तर प्रयोगशाळेतल्या नळीत गुलाबी रंग चढणार. रंग वरून दिसू दिला नाही, आत लपवून ठेवला. भेसळ करणाऱ्याच्या मालातच साक्षीदार बसवून दिला.

त्याआधी १९३७ साली शेतमालाची प्रतवारी करायचा कायदा झाला होता. त्यातून अ‍ॅगमार्कची खूण आली. तुपाच्या डब्यावर अ‍ॅगमार्क म्हणजे हा माल तपासून, प्रत ठरवून विकला आहे. लेबलाचा अर्थच तो. डबा उघडायच्या आधी मिळालेली साक्ष.

आया-बायांसाठी सगळ्यात महत्त्वाचं लेबल दुधाच्या पावडरीच्या डब्यावर आलं. एके काळी डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र असायचं. ते बघून आईला वाटायचं, माझ्या दुधात काहीतरी कमी आहे. घरात पैसा कमी, म्हणून पावडर पातळ करून पाजायची. पाणी आणि बाटली स्वच्छ नसायची. बाळं हगवणीने आणि उपाशीपणाने जायची. १९९२ साली संसदेने बालकांच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाविषयी कायदा केला. तेव्हापासून अशा डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापता येत नाही आणि आईचं दूध बाळासाठी सर्वांत उत्तम, हे ठळक अक्षरांत छापावंच लागतं. आपलाच माल विकणाऱ्याला आपल्याच डब्यावर, आईकडचं माझ्यापेक्षा चांगलं, असं लिहायला लावणारा हा कायदा आहे.

शाकाहारी पदार्थावरच्या हिरव्या ठिपक्याचा नियम २००१ सालचा. त्यानंतर २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. केंद्रात एफएसएसएआय नावाचं प्राधिकरण झालं आणि राज्यात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं, ज्याला आपण एफडीए म्हणतो. जुन्या कायद्यात भर जेलवर होता. १९७६ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक गुन्ह्यांना किमान सहा महिने कैद होती. नव्या कायद्याने फरक केला. माल प्रतीला कमी असेल तर पाच लाखांपर्यंत दंड, लेबल चुकीचं असेल तर तीन लाखांपर्यंत दंड. माल जिवाला धोकादायक असेल तर दंडाबरोबर कैद आणि कुणाचा जीव गेला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा.

आता दूध किती भेसळीचं असतं, याबद्दल मोबाइलवर काहीही फिरतं. खरे आकडे ऐका. २०११ मध्ये एफएसएसएआयने देशभरातले १,७९१ नमुने तपासले, त्यातले ६८.४ टक्के मापात बसले नाहीत. यावरून सगळं दूध विषारी आहे असा गवगवा झाला. पण त्यातले पुष्कळ नमुने पाणी आणि पावडरीमुळे नापास होते. २०१८ मध्ये ६,४३२ नमुने तपासले, त्यात आरोग्याला घातक भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. हायड्रोजन पेरॉक्साइड, धुण्याचा साबण, युरिया, आंबटपणा मारणारा सोडा असे प्रकार. पण त्याच तपासणीत ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन जास्त निघालं. हे विष कुणी दुधात घालत नाही. ते बुरशी लागलेल्या पेंडीतून आणि चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातं आणि दुधात उतरतं.

मैत्रिणींनो, हे मावळासाठी फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडे पाऊस कोसळतो. भाताचा पेंढा ओला राहतो, पेंडीचं पोतं भिंतीला टेकलेलं असतं आणि ओल धरतं. काळा-हिरवा बुरा आलेली पेंड "जनावर खातंय ना" म्हणून घालू नका. पोतं फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. बुरशीची पेंड उकिरड्यात टाकली तर थोडं नुकसान, म्हशीला घातली तर ते नुकसान दुधातून नातवापर्यंत जातं.

आता आपल्या गटांसमोरचा खरा प्रश्न. लोणावळा हे पर्यटकांचं गाव. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते आणि प्रत्येक गाडी खाऊ घेऊन परतते. त्यात चिक्कीचा मान पहिला. चिक्की टिकते कारण गूळ-साखरेचा पक्का पाक आणि भाजलेले दाणे, पाणी जवळजवळ नाहीच. हे बघून दुकानदारांना वाटतं, पेढाही तसाच टिकला पाहिजे. आमच्या एका गटाला गेल्या पावसाळ्यात एका दुकानदाराने सांगितलं, "तुमचा पेढा चांगला आहे. रोज घेतो. पण पंधरा दिवस टिकवून द्या." वर एक पांढऱ्या भुकटीची पुडीही दिली, "किलोला चिमूटभर टाका, सगळे टाकतात." त्या पुडीवर ना नाव होतं, ना नंबर.

गटाची बैठक दोन तास चालली. ऑर्डर मोठी होती. तेरा जणींपैकी चौघींवर म्हशीच्या कर्जाचे हप्ते होते. एक जण म्हणाली, "सगळे टाकतात तर आपण काय मोठे धर्मराज?" दुसरी म्हणाली, "माझा नातू रोज कढईची खरवड खातो. त्याला देशील का हे?" आम्ही कायद्याची बाजू मांडली. तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, परिरक्षक कोणतं, कुठल्या पदार्थात आणि किती चालतं याचा तक्ता आहे. ज्या भुकटीचं नावच माहीत नाही ती तक्त्यात शोधणार कशी? दुसरी, परवानगी असलेलं परिरक्षक घातलं तरी ते पाकिटावर लिहावं लागतं. लपवून घालायची मुभा कायद्यात कुठेच नाही. तिसरी, माल पकडला तर पुडी देणारा जबाबदारी घेणार नाही. पाकिटावर नाव गटाचं असेल.

निर्णय बायकांनीच घेतला. पुडी परत दिली. दुकानदाराला सांगितलं, पंधरा दिवसांचा माल एकदम देणार नाही, आठवड्यातून तीनदा ताजा देऊ, कमी-कमी देऊ आणि डब्यावर तारीख लिहू. त्याने निम्मी ऑर्डर कापली. हे खोटं कशाला सांगायचं, तो सीझन हातचा गेला. मग गटाने दोन होमस्टेवाल्यांना आणि एका हॉटेलला विचारलं. त्यांना रोज ताजाच माल हवा होता. दिवाळीपर्यंत हप्ते निघायला लागले. एका जणीचा हप्ता थकला, तो गटाने अंतर्गत कर्जातून भरला. प्रामाणिकपणाला लगेच फळ येतं असं आम्ही म्हणणार नाही, पण गटातली कुणीही आज स्वतःच्या मुलाला तो पेढा देताना दचकत नाही.

आणि कायदा आता याच बाजूला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ताटाजवळसुद्धा ती कुठल्या तारखेपर्यंत खायची ते लिहिणं बंधनकारक झालं. कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ल्यासारख्या मिठाया दोन दिवसांत, खव्याच्या मिठाया चार दिवसांत, असं एफएसएसएआयने मार्गदर्शनही केलं आहे. म्हणजे पंधरा दिवसांचा पेढा मागणाराच नियमाच्या उलट बोलत होता.

आता कामाच्या गोष्टी. हाताशी कागद असेल तर लिहून घ्या.

नोंदणी. २०११ च्या नियमांत वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते आणि तिची फी वर्षाला शंभर रुपये ठेवली होती. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी आजची मर्यादा आणि फी विचारून घ्या. नोंदणी झाली की चौदा आकडी नंबर मिळतो. ज्या ताई सहकारी दूध संस्थेच्या सभासद आहेत आणि सगळं दूध संस्थेलाच घालतात, त्यांना वेगळी नोंदणी लागत नाही. पण घरी खवा, पनीर, तूप करून विकायला लागलात की लागते.

लेबल. पदार्थाचं नाव. त्यातले घटक, जे जास्त ते आधी. वजन. किंमत. गटाचं नाव आणि पत्ता. नोंदणी नंबर. बॅच नंबर. कधी केला आणि कधीपर्यंत खायचा. हिरवी खूण. आणि यात दूध आहे ही सूचना, कारण काहींना दुधाची अ‍ॅलर्जी असते. भाषा इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी हवी, मराठी त्याबरोबर जरूर लिहा. पेढ्याचं लेबल सरळ असतं: खवा, साखर, वेलची. घटक तीन असतील तर तीनच लिहा. यादी छोटी आहे हीच तुमची जाहिरात.

दुसऱ्याचं लेबल वाचायलाही शिका. परिरक्षक शब्दापुढे आकडा असतो. २०० म्हणजे सॉर्बिक आम्ल, २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २३४ म्हणजे नायसिन. आकडा दिसला म्हणून विष समजू नका. मापात आणि लिहून घातलेलं कायद्याला मान्य आहे. आइस्क्रीमसारख्या दिसणाऱ्या कपावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धाऐवजी वनस्पती तेल असतं. आइस्क्रीम म्हणायचं तर साधारणपणे दुधाचं स्निग्ध किमान १० टक्के लागतं. तसंच वनस्पती तेलाच्या पनीरला नुसतं पनीर म्हणता येत नाही, ‘अ‍ॅनालॉग’ असं लिहावं लागतं. ढाब्यावर पनीर फार स्वस्त मिळालं तर विचारा, दुधाचं आहे का?

खव्याची परीक्षा. खव्यात दुधाचा स्निग्धांश, कोरड्या वजनावर मोजला तर, किमान ३० टक्के हवा. पिठूळ पदार्थ, साखर किंवा रंग घातलेला चालत नाही. विकतचा खवा घेत असाल तर थोडा पाण्यात उकळून गार करा आणि मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा झाला तर त्यात पीठ किंवा मैदा आहे. तपासलेला खवा मात्र टाकून द्या.

आणि शेवटचं, दूध टिकवायचं कसं? दुधात सोडा टाकू नका, एक चिमूटसुद्धा नाही. सोडा आंबटपणा झाकतो, बिघाड थांबवत नाही आणि तो कायद्याने भेसळ आहे. धार काढण्याआधी कास धुवून कोरडी पुसा. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाका. प्लास्टिकच्या कळकट कॅनऐवजी स्टीलची बरणी वापरा, ती गरम पाण्याने धुवून उन्हात पालथी घाला. पावसाळ्यात ऊन नसेल तर चुलीच्या उबेला. धार काढल्यापासून दूध लवकरात लवकर संकलन केंद्रावर न्या. तिथल्या मोठ्या टाकीत ते ४ अंशांपर्यंत थंड होतं. थंडावा हा दुधाचा खरा रखवालदार आहे आणि तो लेबलावर लिहावा लागत नाही.

१८६० पासून आजपर्यंत कायद्यांची नावं बदलली, दंड बदलले, खात्यांची नावं बदलली. गाभा तोच राहिला. दूध कधीचं आणि कशाचं, हे घेणाऱ्याला कळलं पाहिजे. आपल्या पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करा. घरातली दुधाच्या पदार्थांची रिकामी पाकिटं आणा, त्यावरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचा आणि मग आपल्या पदार्थाचं लेबल फळ्यावर लिहून बघा. अडलं तर आपल्या प्रभाग समन्वयक ताईंना विचारा, नाहीतर या केंद्रावर चिठ्ठी पाठवा. जमेल तशी उत्तरं पुढच्या महिन्यात याच वेळी देऊ.